पट्ट्यांची फाईल

८ मे

दुपारपासून लाइट नाही. घरात रेंजही धड नसते, म्हणून सड्यावर जाऊन काजूखाली बसले आणि कॅल्क्युलसचे तीन व्हिडिओ उतरवून आणले. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मी, बी.ए. राज्यशास्त्र. पब्लिक पॉलिसीला प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं, राज्यघटना, योजना, वादविवाद असलं काही असेल. बेंगळुरूहून सुट्टीत करायची यादी आली ती अशी: बीजगणित, थोडं कॅल्क्युलस, सांख्यिकी, सूक्ष्म अर्थशास्त्र.

आमच्या कोकणातले, गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवायचे. १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी दाखवलं, की ही शिल्लक लोकांच्या भरभराटीची नाही, जादा कराची आहे. परीक्षेत हे मी दोनदा लिहिलंय. आकडे वगळून.

१३ मे

पुस्तकात सगळी उदाहरणं पिझ्झ्याची. मन लागेना, तेव्हा बाबांची पट्ट्यांची फाईल काढली. वाशीला आंबा गेला की दलालाकडून पट्टी येते. किती पेट्या, काय दर, त्यातून भाडं, हमाली, तोलाई, दलाली वजा, आणि तळाला आपल्या हातात पडायची रक्कम. २०१२ पासूनच्या सगळ्या बाबांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्यात. काही आंब्याच्या चिकाने एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. चहाच्या आधणावर वाफ देऊन सोडवल्या.

तारीख, पेट्या, दर असं एक्सेलमध्ये भरलं आणि रेषा काढली. पाडव्याच्या आसपास दर वर, मग मे संपेपर्यंत घसरगुंडी. मी खूश. बाबांनी लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या काय माका म्हायत नाय?"

मग त्यांनीच चुका काढल्या. हापूस वर्षाआड धरतो, मी सगळी सालं एकाच टोपलीत घातलेली. २०२१ च्या पट्ट्या मेच्या मध्यावर तुटतात, कारण तौक्ते वादळ आलं आणि झाडावरचं सगळं खाली. २०२० ची तर एकही पट्टी नाही. लॉकडाऊनमध्ये पेट्या थेट पुण्याच्या सोसायट्यांत गेल्या, तो हिशेब आईच्या दुधाच्या वहीत, रतीब आणि आंबे एकाच पानावर.

१८ मे

काल हात थरथरला, खरंच.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. शेतकऱ्याकडून दलाली घ्यायची नाही, घ्यायची तर खरेदीदाराकडून. आमचा त्या सालचा हंगाम तेव्हा आटोपलेला, म्हणजे फरक दिसायचा तो २०१७ पासून. पट्ट्या दोन ढिगांत लावल्या. २०१६ पर्यंत 'दलाली' ची ओळ आहे, २०१७ ला नाही. कायदा चालला! आईला अंगणातून हाक मारली. ती आमसुलांना रसाचं पुट देत होती, हात लाल, तशीच आली.

मग पेटीमागे एकूण कपात किती, ते काढलं. दोन्ही ढिगांत जवळजवळ सारखीच. २०१८ पासून 'इतर खर्च' नावाची नवी ओळ आहे.

डोकं तापलं. रात्री दोन पानी लेखही लिहून टाकला, सकाळी वाचला तर नुसता आरडाओरडा. एक दलाल, एक बाग, चाळीसेक पट्ट्या. डिझेल वाढलं, हमाली वाढली. कायदा झालाच नसता तर कपात किती असती? ती पट्टी कुठल्याच ट्रंकेत नाही.

बाबांना विचारलं, दुसऱ्याकडे का नाही घालत माल? ते सुपारी कातरत होते. "फवारणेक उचल कोण देता? तोच मा?"

म्हणजे मी पाच दिवस दर आणि कपात बघत बसले, आणि खरी गाठ होती पावसाळा संपल्यावर घेतलेल्या पैशांत. पहिली फवारणी त्या पैशांवर, मग आंबा त्याच्याच गाळ्यावर. उचलीचा रकाना माझ्या एक्सेलमध्ये नाही, आणि पट्टीवरही नाही.

२ जून

कालपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढल्यात, त्यांच्यावर झापं पडली. आमसुलं बरणीत गेली. डेरिव्हेटिव्ह येतंय आता बऱ्यापैकी, प्रोबॅबिलिटी अजून चकवते. बाकीचा डागी आंबा किलोवर कॅनिंगला गेला, त्याची पट्टी नसतेच, नुसती चिठ्ठी.

शेवटची पट्टी आज आली, अकरा पेट्यांची. भरायला बसले तर बेरीज जुळेना. तीनदा केली. हमाली दोनदा लावलीय, एकशेदहा रुपये जास्त. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवलं, फोन घेतला, नंबर काढला.

मग फोन खिशात टाकला. "र्‍हव दे. उचल फिटाची आसा अजून."