आप्पांची मोटर आणि १००.७२

येळ्ळूरच्या शेतातल्या विहिरीवरची मोटर बेळगावात उद्यमबागेत बसून चालू करायची, एवढीच माझी हौस. थ्री-फेज येते रात्री-अपरात्री, आणि आप्पांचे गुडघे आता बांधावरून चालू देत नाहीत. म्हणून पंपघरात रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा रिले आणि एक कॅमेरा बसवला.

बाहेरून आत यायला राउटरवर पोर्ट, म्हणजे एक दार, उघडला, पण काही लागेना. दोन रविवार असेच गेले. शेवटी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीनं त्याला दिलेला पत्ता, नीट वाचला: १००.७२ नं सुरू. म्हणजे सीजीनॅट, कंपनीनं अनेकांत वाटलेला पत्ता! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला. एका सार्वजनिक पत्त्यामागं आमच्यासारखी कित्येक घरं दाटीवाटीनं बसलेली. तिथं माझा पोर्ट उघडून काय उजेड पडणार? (बरंच झालं म्हणा. तेव्हा पासवर्ड 'आप्पा१२३' होता.)

मग भाड्यानं छोटा सर्व्हर घेतला, त्यावर वायरगार्ड (खासगी बोगदा करणारं व्हीपीएन) टाकलं. आता रास्पबेरी पाय स्वतःहून सर्व्हरचा यूडीपी पोर्ट ५१८२० गाठतो, मीही फोनवरून तिथंच जातो. शेताकडं एकही दार उघडं नाही. कीपअलाइव्ह मात्र २५ ठेवावं लागलं. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट गेलं नाही, तर नॅट, म्हणजे मधली ती पत्ते बदलणारी यंत्रणा, वाटच विसरतं.

आप्पांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी विचारलं, "आणि मी फूटव्हॉल्व्ह काढत असताना तू बटण दाबलंस तर?"

दुसऱ्या दिवशी स्टार्टरशेजारी हातानं पाडायचा स्विच बसवला.