उशाखालची भाकरी आणि बहात्तरचा दुष्काळ

आजीच्या उशाखाली फडक्यात बांधलेला भाकरीचा चतकोर सापडतो. सून म्हणते, मुंग्या लागतील, आणि तो उचलून टाकते. दोन दिवसांनी त्याच जागी दुसरा चतकोर. घरात कुणी याला हट्ट म्हणतं, कुणी ‘वयाचं झालं’ म्हणून सोडून देतं. १९७२ साली आजी किती वर्षांची होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग या पट्ट्यात बहात्तर सोसलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. कोवळ्या वयात या मुलामुलींनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात ठसठशीत राहतात, आणि या पिढीची ती वर्षं नेमकी दुष्काळाला जाऊन भिडली. भरलेला फ्रीज समोर असला तरी हात आधी उद्याची बेगमी करतो.

हा चतकोर काढून घेऊ नका, त्याची जागा बदला. घट्ट झाकणाचा एक छोटा स्टीलचा डबा त्यांच्या स्वतःच्या ताब्यात द्या. दात असतील तर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. नसतील तर डाळ्याचं पीठ. आठवड्यातून एकदा त्यांच्याच हातून डबा रिकामा करून पुसून घ्या, आणि त्यांच्या देखतच पुन्हा भरा. डबा भरताना दिसणं महत्त्वाचं आहे, चतकोर त्यानंतरच हळूहळू कमी होतो. मागे लपवून फेकाफेक केली तर साठवण दुप्पट होते, कारण ‘घरात आपलं अन्न जातंय’ ही भीती खरी ठरते.

ताटात टाकायचं नाही, हा या पिढीचा दुसरा नेम. त्यापायी नातवाचा उरलेला भातही त्याच संपवतात आणि मग जेवणानंतरची साखर का वाढते याचा उलगडा होत नाही. लहान ताटली घ्या, अर्धीच भाकरी वाढा, लागली तर पुन्हा वाढा. नातवाचं ताट त्यांच्यासमोरून लगेच उचला.

सगळ्यात धोक्याची काटकसर औषधांत असते, म्हणून तिच्याकडे जरा नीट बघूया. रक्तदाबाची गोळी अर्धी करून ‘पुरवायची’, किंवा बरं वाटलं की दिवसाआड घ्यायची. पुढे घडतं ते असं: तपासणीत दाब वाढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवतात. मग एकदा लेक माहेरपणाला येते, प्रेमाने रोज पूर्ण गोळी देते, दाब एकदम उतरतो आणि पहाटे न्हाणीत घेरी येऊन पडणं होतं. वाढवलेली मात्रा अर्ध्या गोळीच्या हिशेबावर ठरलेली असते, एवढंच त्याचं कारण. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा केलेल्या असतात. त्या मोडल्या तर औषध एकदम अंगात जातं. गोळी मोडण्याआधी औषधवाल्याला विचाराच. आणि पट्ट्या मोजा. रोज एक गोळी असेल तर पंधराच्या दोन पट्ट्या महिन्यात संपायला हव्यात. दीड महिना पुरल्या तर काहीतरी चुकतंय. अशा वेळी रागावू नका. ‘औषध महाग पडतं म्हणून का?’ असं सरळ विचारा, आणि डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे तेच पण स्वस्तातलं औषध, चालेल का ते विचारून घ्या. मात्रा वाढवायच्या आधी अर्ध्या गोळीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे.

पाण्याचंही तसंच. वयानुसार तहान आधीच कमी लागते, त्यात पाणी जपून वापरायची सवय, आणि रात्री उठावं लागेल ही धास्ती. उन्हाळ्यात लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, कधी अचानक गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं. सकाळीच एक लिटरचा तांब्या भरून द्या आणि संध्याकाळपर्यंत तो संपवायचा असं ठरवा. चहा, ताक वेगळं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्या.

या माणसांना दुखण्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं: काही नाही, होईल बरं. म्हणून ‘दुखतंय का?’ असं विचारू नका. मांडी घालता येते का, काल कुठलं काम सोडून दिलं, पायऱ्या का टाळल्या, हे विचारा. दुष्काळी कामावर खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी मिळायची, त्यामुळे काम न करता खाणं त्यांना जड जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये नुसतं ‘आराम करा’ म्हणणं त्यांना खातं. लसूण सोलणं, मेथी निवडणं असं खरं काम द्या, आणि त्यांनी निवडलेली मेथी त्यांच्यामागे पुन्हा निवडू नका.

दुष्काळ सोसला म्हणजे सगळे कणखर झाले, असं मात्र अजिबात नाही. एकाच गावची दोन माणसं, एक साठवतो, दुसरा दारात आलेल्याला घरातलं उचलून देतो. त्या काळात सोबत कोण होतं, आणि जे गेलं त्याचं दुःख कुणाजवळ बोलता आलं का, यावर पुष्कळ ठरतं. म्हणून बोलतं करा, पण दुपारी, वीस-पंचवीस मिनिटं. झोपेच्या वेळी नको. ‘मिलोची भाकरी कशी थापायचा?’ असा हाताने करायच्या गोष्टीचा प्रश्न बरा. विकलेल्या बैलापाशी किंवा गेलेल्या लेकरापाशी येऊन बोलणं थबकलं तर खोदू नका, जवळ बसून राहा. त्यानंतर दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि एक फरक ओळखा. भाकरी बांधून ठेवायची सवय चाळीस वर्षं असेल तर ती बहात्तरची. पण याच वर्षी अचानक सुरू झाली असेल, भाकरीच्या जोडीला चिंध्या, रिकाम्या पिशव्या, झाकणं उशाखाली जात असतील, ‘माझं चोरलं’ असे आळ येत असतील, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. काय बदललं आणि कोणत्या महिन्यापासून, हे कागदावर लिहून तो डॉक्टरांकडे न्या.