तुम्ही विचारलंत म्हणून: सिलिअक असताना क्रीम, लिपस्टिक आणि उटणं

सिलिअक म्हणजे गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. तो निघाला की आधी पोळी सुटते, मग गिरणी बदलते, आणि मग हा प्रश्न येतोच: "साबण, क्रीम, शाम्पूसुद्धा ग्लुटेन-फ्रीच घ्यायचे का?"

बहुतेक नाही. नुकसान होतं ते लहान आतड्यात, आणि तिथे ग्लुटेन तोंडावाटेच पोचतं. धडधाकट त्वचेतून आत शिरायला त्याचा रेणू फार मोठा. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड आणणारा डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिससुद्धा खाण्यातल्या ग्लुटेनमुळेच होतो. तेव्हा तोंडात काय जाऊ शकतं तेवढं बघा: लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट, हाताला लावायचं क्रीम. रांगतं मूल असेल तर मात्र सगळंच.

वेष्टणावर 'व्हीट' असं सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. ट्रिटिकम व्हल्गेर म्हणजे गहू, हॉर्डियम व्हल्गेर म्हणजे जव, सिकेल सिरिअल म्हणजे राय. शाम्पूत 'हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन' सर्रास असतं. कंपनीला "ग्लुटेन-फ्री आहे का?" असं विचारू नका, गुळमुळीत उत्तर येतं. "गहू, जव किंवा राय यांपासूनचा कुठला घटक आहे का?" असं विचारा.

आता हिशोब. दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं. लिपस्टिकमध्ये 2 टक्के गव्हाचं प्रथिन आहे आणि दिवसभरात तिचे 100 मिलिग्रॅम पोटात गेले असं धरलं, तरी 2 मिलिग्रॅम होतात. तीही टाळावी, पण झोप उडवण्याइतकं काही नाही. उलट कणकेत दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे 10 मिलिग्रॅमसाठी 100 मिलिग्रॅम कणीक पुरते. चिमूटभरच!

म्हणून खरी भीती डबीतल्या क्रीमपेक्षा घरच्या पिठाची. बाळाची लव काढायला कणकेचा गोळा फिरवतात. तो नखांत अडकतो, बाळाच्या मुठीत जातो आणि मूठ तोंडात. चेहऱ्याला लावायचं डाळीचं पीठ गव्हामागून त्याच जात्यावर दळलेलं असतं. दिवाळीच्या सुट्या उटण्यात काय काय आहे, हे तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उटणं घरीच करा. 100 ग्रॅम मसूर डाळ ताटात पसरून निवडा, गव्हाचा एखादा दाणा हमखास सापडतो. मग धुऊन कडकडीत वाळवा आणि मिक्सरवर दळा. ओलसर राहिली तर पीठ कोंदट होतं. त्यात चमचाभर आंबेहळद आणि नागरमोथा घाला, पण दोन्ही अख्खे आणून घरीच कुटलेले. चाळणी वेगळीच हवी. कणकेच्या चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ नुसतं झटकून निघत नाही.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार. जपानमध्ये 2011च्या सुमारास चेहऱ्याच्या एका साबणातल्या गव्हाच्या प्रथिनामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना ती जडली. पुढे गहू खाल्ला की त्यांना त्रास व्हायचा. तो सिलिअक नव्हे. क्रीम लावल्या लावल्या गांधी उठत असतील तर ते बंद करा आणि डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.