ते बुडालं की पळायचं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटाचं नाव मल. मराठीत लिहिताना हात जरा अडखळतो. गंमत म्हणजे आमच्या दिवसाची सुरुवातही तिथूनच झाली. जानेवारीत इथे नीट उजाडायला नऊ वाजतात. लॉख ना कील नावाच्या खाडीकाठी गाडी उभी करून गाईडबाई एका हिरव्यागार उंचवट्याकडे गेल्या आणि त्यावरची काळपट विष्ठा दाखवत म्हणाल्या, "वास घ्या." घेतला. मासळीचाच, पण मागून काहीतरी गोडसर. ही पाणमांजराची सही.

शेजारी गोड्या पाण्याचा ओहोळ होता, तो उगाच नव्हे. हे पाणमांजर म्हणजे 'सी ऑटर' नव्हे. नदीत राहणारीच युरेशियन जात इथे समुद्रावर पोट भरते. अंगात चरबीचा थर नाही, ऊब सगळी दाट केसांत अडकलेल्या हवेची. केसांत मीठ साचलं की ती हवा टिकत नाही. म्हणून जेवण समुद्रात, अंघोळ ओढ्यावर.

पुढचे दोन तास पाणमांजराचा पत्ता नाही. पक्षी मात्र भरपूर. लाल चोचीचे ऑयस्टरकॅचर किंचाळत होते, हिवाळ्याच्या करड्या पिसांतला ग्रेट नॉर्दर्न डायव्हर खेकड्याशी झटत होता. मग डोक्यावरून पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड गेला, आणि मी बाकी सगळं विसरलो. ब्रिटनमधला शेवटचा समुद्रगरुड १९१८ साली मारला गेला. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर सोडली, आणि १९८५ साली त्या पक्ष्यांचं पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं ते इथे, मलवर.

"शेपूट!" गाईडबाई कुजबुजल्या. समुद्रशेवाळाच्या पट्ट्यात एक टोक वर आलं आणि गडप झालं. त्यांनी हात वर केला. म्हणजे पळा! पाणमांजर पाण्याखाली असतं जेमतेम वीस-तीस सेकंद. तेवढ्यात पुढचा खडक गाठायचा आणि ते वर आलं की स्टॅच्यू. लहानपणी खेळायचो तसाच, फक्त इथे निसरड्या शेवाळावर, तोंडावर वारा घेत. तोंडावरच हवा, कारण त्याची नजर बेताची असली तरी नाक भलतं तिखट. माझ्या रेनकोटची करकर मला स्वतःलाच लाजवत होती.

लहान मासे ते पाण्यातच चावून संपवत होतं. सहाव्या की सातव्या बुडीला मोठा खेकडा मिळाला, तसं ते सरळ काठावर आलं. आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर. दुर्बीण लावायचंही सुचलं नाही. कवच फुटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मिशांवरून पाणी ठिबकत होतं.

मग मानेला मागून गार झुळूक लागली. त्याने नाक वर केलं, अर्धा खेकडा तसाच टाकला आणि पाण्यात शिरलं. बुडबुड्यांची एक रेघ दूर जात राहिली.

या वेळी गाईडबाईंनी हात वर केला नाही.