रेचलबाईंच्या बिलावर टाळ्या

ब्रिजटाऊनची, म्हणजे बार्बाडोस बेटाच्या राजधानीची, पायी सहल मी यापुढे पाहुण्यांबरोबर करणार नाही. त्यांना गाईडच्या हवाली करीन आणि बंदरावर कॉफी पीत बसेन. कारण रेचल प्रिंगल पोलग्रीन.

अठराव्या शतकातली ही बाई. गुलाम म्हणून जन्मली, पुढे मुक्त झाली आणि तिने गावात स्वतःचं हॉटेल थाटलं. इंग्लंडचा राजपुत्र विल्यम हेन्री नौदलातल्या दोस्तांसह तिथे आला, दारूच्या नशेत सगळं सामानसुमान फोडलं, जाताजाता बाईंना खुर्चीसकट उलथवलं. बाई हूं की चूं न करता उठल्या आणि सकाळी ७०० पौंडांचं बिल पाठवून दिलं. राजपुत्राने ते चुकतं केलं! सगळे टाळ्या वाजवतात. सांगलीहून आलेल्या माझ्या मावशीनेही वाजवल्या. "बघ गं, त्या काळातली बिझनेसवुमन!"

किस्सा छापून आला तो १८४२ साली, एका कादंबरीत. बाई वारल्या १७९१ मध्ये. ते एक वेळ सोडून देऊ. मला खुपतं ते न सांगितलेलं. हॉटेलात धुणं, रांधणं, वाढणं करत होत्या त्या बाईंच्या मालकीच्या बायका. नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी त्या आणखी कशाला वापरल्या जात, ते गावाला ठाऊक होतं. मृत्युपत्रात रेचलबाईंनी काहींना मुक्त केलं, बाकीच्या मालमत्तेत धरल्या गेल्या. आणि ही अपवादात्मक दुष्टाई नव्हे, ब्रिजटाऊनची रीतच होती. शहरातल्या गोऱ्या बायका, विधवा, अविवाहित बहिणी यांच्याकडे गुलाम असत आणि त्यांतही बायकाच जास्त. त्यांना भाड्याने द्यायचं, धोबीण म्हणून, दाई म्हणून, शिवणकामाला, आणि आठवड्याचे पैसे घ्यायचे. मूल झालं तर तेही मालकिणीचंच, कारण आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. ब्रिटिश सरकारने गुलामगिरी संपवताना २ कोटी पौंड भरपाई मालकांना दिली, तेव्हा दावेदारांत ४० टक्क्यांच्या आसपास बायका होत्या. बिझनेसवुमनच म्हणायच्या सगळ्या.

ज्यांना राबवलं त्यांना अर्थात दमडी मिळाली नाही. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, त्यानंतरही चार वर्षं 'उमेदवारी' (ॲप्रेंटिसशिप) म्हणून फुकट राबावं लागलं.

मी ऊसपट्ट्यातली, त्यामुळे इथली शेतं पाहिली की हात आपोआप कमरेवर जातात. इथे ऊस लावायला जमिनीत चौकोनी खड्डे कुदळीने खणायचे, बेटावरचं सर्वात मोडून काढणारं काम. ते करणाऱ्या टोळ्यांत बायका जास्त, कारण सुतारकी, पिंपं बनवणं, रसाच्या कढया सांभाळणं ही हुनराची कामं पुरुषांना. गरोदरपणातही कुदळ सुटत नसे. पोरांची एक वेगळी टोळी असायची, गवत काढायला, आणि तिच्यावर एखादी म्हातारी मुकादम. बार्बाडोसमध्ये गुलामांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती, हे कॅरिबियनमध्ये सर्रास दिसत नसे.

हे सगळं ऑफिसात तावातावाने सांगितलं, तर इथलीच एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "आणि तुमच्याकडे?" मला राग आला. आमच्याकडे मळे नव्हते, जहाजं भरून माणसं आणली नव्हती. मग पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी आठवल्या. विकत घेतलेल्या, दुष्काळात विकल्या गेलेल्या, शिंदळकीचा ठपका ठेवून सरकारी कामाला जुंपलेल्या. तिला सांगितलं तेही. पण अख्खं राज्य त्यावर उभं नव्हतं, हेही सांगितलंच. आणि तोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांचं? त्याबद्दल तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

मला या बेटावर ज्या बाईचा पुतळा हवा आहे ती वेगळीच. सिमन्स मळ्यावरची नॅनी ग्रिग, घरकाम करणारी गुलाम बाई. १८१६ च्या उठावानंतर एका कैद्याच्या जबानीत ती येते. ती वर्तमानपत्रं वाचून इतरांना सांगायची की आपली सुटका होणार आहे, मालक ती अडवून धरतात, आणि लढल्याशिवाय मिळणार नाही, सेंट डोमिंगोमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलाम लढले तसं. उठाव झाला १४ एप्रिलला, ईस्टर रविवारी. आज तो बुसा या म्होरक्याच्या नावाने ओळखला जातो आणि हमरस्त्यावरच्या चौकात साखळ्या तोडणारा जो पुतळा आहे, त्यालाही लोक बुसाच म्हणतात. राष्ट्रवीरांच्या यादीत बुसा आहे, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठी घर उघडं ठेवणारी सारा ॲन गिल आहे, २०२१ पासून रिहानाही आहे. नॅनी ग्रिग नाही. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, एका जबानीच्या आधारावर कुणाला राष्ट्रवीर कसं करायचं? कादंबरीतल्या बिलावर टाळ्या मात्र चालतात.