पुरुषांच्या चार ओळी, बायकांचे दीड पान

बर्मिंगहॅममधील ज्या हॉटेल कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी नोकरी करते, तिथे पोशाखाची जुनी नियमावली नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. स्वागतकक्षातील पुरुषांसाठी तीत चार ओळी होत्या: गडद सूट, पांढरा शर्ट, टाय, पॉलिश केलेले काळे बूट. स्त्रियांसाठी मात्र दीड पान होते. स्कर्टची लांबी, टाचेची उंची, पायमोज्यांचा रंग, लिपस्टिक 'सौम्य, पण दिसेल अशी' आणि नेलपॉलिशचा टवका उडालेला चालणार नाही, अशी तंबी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत माझी मावशी रोखपाल आहे. फोनवर तिला हे वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "आमच्याकडं लिहून कोण देतंय? तोंडानंच सांगत्यात."

इथला, म्हणजे ब्रिटनमधला, कायदा बाहेरून वाटतो तितका सरळ नाही. २०१०च्या समता कायद्यानुसार, केवळ स्त्री किंवा पुरुष असल्यामुळे कुणाला दुसऱ्यापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. पण दोघांच्या पोशाखाचे नियम वेगळे असले म्हणजे भेदभाव झालाच, असे न्यायालये मानत नाहीत. १९७७ साली पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका स्त्रीला पँट घालण्यास मनाई होती. पुरुषांनाही टी-शर्ट घालता येत नाही, म्हणजे निर्बंध दोघांवरही आहेत, असे सांगून अपील न्यायाधिकरणाने तिचे म्हणणे फेटाळले. १९९६ साली सुपरमार्केटमधल्या एका पुरुष कर्मचाऱ्याला पोनीटेल ठेवल्यामुळे कामावरून काढल्याचे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, तेव्हा नियम एकेक करून न पाहता सगळे मिळून पाहावेत आणि रूढ समजुतीनुसार ते दोघांना सारखेच नीटनेटके ठेवतात की नाही एवढे तपासावे, असे ठरले. सरकारी रोजगार केंद्रातील एका पुरुषाने टायच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली, तेव्हाही प्रश्न हाच होता: तितकाच व्यवस्थितपणा टायशिवाय साधतो का?

'सगळे मिळून' हा निकष ऐकायला समंजस वाटतो, पण मला तो पटत नाही. ज्या रूढीविरुद्ध तक्रार आहे, तिलाच इथे पंच म्हणून बसवले जाते. शिवाय या तागडीत वेळ, पैसा आणि पायांचे दुखणे कुणी घालत नाही. टाय दोन मिनिटांत बांधून होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. पायमोज्यांचा एक धागा उसवला की जोडी वाया जाते.

वारे फिरले ते डिसेंबर २०१५ मध्ये. लंडनमधील एका कार्यालयात स्वागतिका म्हणून हंगामी कामावर गेलेल्या निकोला थॉर्प यांना, दोन ते चार इंच टाचांचे बूट घालण्यास नकार दिला म्हणून, विनावेतन घरी पाठवण्यात आले. त्यांनी मांडलेल्या याचिकेवर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या, संसदेच्या समित्यांनी चौकशी केली आणि जानेवारी २०१७ मध्ये अहवाल आला. केस सोनेरी रंगवा, मेकअप सतत ठीकठाक करा, असे सांगितल्या गेलेल्या स्त्रियांच्या तक्रारी त्यात आहेत. सरकारने कायदा बदलला नाही, आहे तोच पुरेसा आहे असे म्हटले; मात्र २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढून, मेकअप, स्कर्ट, रंगवलेली नखे किंवा विशिष्ट पायमोजे यांची सक्ती बेकायदा ठरण्याचीच शक्यता जास्त आहे, असे स्पष्ट केले. आमच्या कंपनीला जाग आली ती या सूचनांमुळे, आणि तीही बरीच उशिरा.

आपल्याकडे राज्यघटनेचे कलम १५ लिंगभेदाला मनाई करते, पण त्याचे पहिले पोटकलम बांधते ते राज्यसंस्थेला. राजारामपुरीतल्या पतसंस्थेच्या संचालकांपुढे ते नेऊन ठेवता येत नाही. सरकारी कचेऱ्यांत तरी नियम कागदावर आहेत. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकात महिलांसाठी चपला, सँडल, बूट हे तिन्ही प्रकार लिहिले होते, पुरुषांसाठी मात्र बूट आणि सँडल एवढेच. म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी कारकुनाने कोल्हापुरी पायात घालून कचेरीत जायचे की नाही, हा प्रश्नच होता! मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी असाच शासन निर्णय आला आणि त्यात शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्त्यासह दुपट्टा सांगितला गेला. केरळ सरकारने २०२१ साली, शिक्षिकांना साडीची सक्ती करता येणार नाही, असा आदेश काढला होता.

मावशीच्या पतसंस्थेत बायकांना वर्षाला दोन साड्या मिळतात, सगळ्यांना एकाच रंगाच्या. पुरुषांना गणवेशच नाही. इस्त्रीचा शर्ट असला की झाले. फुकट साडी मिळते म्हटल्यावर तक्रार करणारी बाई कृतघ्न ठरते, पण फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई जिची तिने भरायची. पावसाळ्यात पंचगंगेच्या पलीकडून दुचाकीवर येणाऱ्या मुलीने ओल्या साडीतच दिवसभर बसायचे.

आमच्या नव्या नियमावलीत स्त्री-पुरुष असे दोन रकाने नाहीत. गडद, स्वच्छ, अंगाला नीट बसणारे कपडे आणि न घसरणारे बंद बूट, एवढेच दोघांसाठी. मेकअपचा उल्लेख काढला. टाय ऐच्छिक केल्यावर सर्वांत मोठी नाराजी दोन ज्येष्ठ पुरुष व्यवस्थापकांची होती, हे मावशीला सांगितले तेव्हा ती खो खो हसली. तिच्याकडच्या मुलींनी पंजाबी ड्रेससाठी अर्ज दिला होता. संचालकांनी सध्या फक्त शनिवारची परवानगी दिली आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने तरी रोज ड्रेस चालावा, असा दुसरा अर्ज मावशी स्वतः लिहीत आहे.