ब्रनो मॉडेल २ : दस्ता उतरवल्यावर

पावसाळा संपला की आधी रायफलची नळी पुसायला घ्यायची, ही आपल्यापैकी बहुतेकांची सवय. यंदा मी नळी बाजूला ठेवली आणि आधी दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो लाकडी भाग, उतरवला. उन्हाळ्यात रेंजवर मधोमध लागणाऱ्या गोळ्या पावसाळा सरता सरता डावीकडे जायला लागल्या होत्या. बॅकसाइट (नेम धरायची मागची खूण) जागची हललेली नाही, काडतुसं त्याच लॉटची, तरी गोळ्यांचा गट सरकतोय म्हटल्यावर संशय लाकडावरच जातो.

रायफल पॉइंट टू टू, ब्रनो मॉडेल २. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातल्या झ्ब्रोयोव्का कारखान्याची. प्रूफच्या, म्हणजे चाचणी झाल्याच्या खुणेच्या, सिंहाशेजारी ५८ कोरलंय, म्हणजे १९५८ सालची. पाच गोळ्यांचं मॅगझिन, अक्रोडाचा दस्ता, २०० मीटरपर्यंत खुणा असलेली बॅकसाइट. वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या लायसन्सवर चढली. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यातली एक जागा हिला द्यायला मी क्षणभरही विचार केला नाही.

मॅगझिन काढलं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं असल्याची खात्री केली, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बाहेर काढला आणि मग स्क्रूंना हात लावला. साध्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं उतरतं असतं, ते खाचेतून निसटतं आणि स्क्रूचं डोकं खातं. खाचेत घट्ट बसेल असं सपाट घासलेलं पातं वापरा. जुन्या रायफलीचं रूप स्क्रूंच्या डोक्यांवरच आधी बिघडतं.

नळी उचलली आणि कारण समोर आलं. वरून ब्लूइंग (लोखंडावरचा संरक्षक थर) काळंभोर, पण लाकडाच्या कडेच्या जरा खाली, नळीच्या पोटाशी तांबूस गंजाची लांब रेघ. दस्त्याला बाहेरून तेल-पॉलिश व्यवस्थित, नळी बसते ती आतली खाच मात्र कोरडी, करडी पडलेली. ओल तिथूनच आत शिरते. लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूनं रेटतं. दस्ता पुन्हा बसवून नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली, तर पुढच्या टोकाशी उजवीकडे अडकली. उजवीकडून रेटा, गोळ्या डावीकडे. हिशेब जुळला.

लगेच पॉलिश पेपर घेऊन खाच घासायचा मोह होतो. तो आवरावा. दस्ता सावलीत, वाऱ्यावर निवांत वाळू दिला, तर पट्टी आपोआप सुटी जायला लागली. मग आतल्या बाजूला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात दिले. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. नळी पूर्ण मोकळी राहील इतका दस्ता कोरा, असं बरेच जण सुचवतात. पासष्ट वर्षांहून जुन्या अक्रोडाला मी तरी पटाशी लावणार नाही.

गंजावर बाजारातलं गंज काढायचं आम्ल वापरू नका. ब्लूइंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे, गंजाबरोबर तोही निघून जातो. मी गन ऑइल लावून रात्रभर मुरू दिलं आणि सर्वात बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं पुसलं. बारीक खड्डे राहिले आहेत, ते राहणारच. आता नळीच्या पोटाला मेणाचा पातळ थर दिलाय.

आणि नळीची आतली बाजू? मुद्दाम फार घासलेली नाही. पॉइंट टू टूची गोळी शिशाची, वर मेणाचं वंगण. ते आत पसरून बसलेलं असतं, आणि सगळं घासून काढलं तर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं जमतं, ते मात्र काढायलाच हवं. रिमफायर काडतुसाच्या (ज्याच्या कडेवर पिन आदळते त्या) ठिणगी पाडणाऱ्या मिश्रणात घर्षणासाठी काचेची पूडही असते, म्हणून चिंधी चेंबरकडून घालायची, पुढून काढून टाकायची, मागे ओढायची नाही. एनसीसीत पुलथ्रू, म्हणजे चिंधी अडकवलेली दोरी, ओढत शिकलेल्यांनो, दोरी तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाची कड झिजते. गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचाच.

रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका, हेही पुन्हा सांगतो. फायरिंग पिन रिमवर, म्हणजे कडेला मारा करते. काडतूस नसेल तर तो घाव चेंबरच्या कडेवर बसतो आणि पुढे काडतुसं नीट बसत नाहीत.

रेंजवर निकाल मनासारखा आला. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साधारण वेगाची, काडतुसं, ५० मीटर, पाच गोळ्या साधारण इंचभरात, आणि गट पुन्हा मधोमध. याच अंतरावर, याच जातीच्या काडतुसानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर!

आता रायफल चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, चामडं ओल धरतं. कुलूपबंद लोखंडी कपाटात उघडी उभी, बोल्ट वेगळ्या कुलपात, सोबत सिलिका जेल. पुढचं काम एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामं काडतूस चेंबरबाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, स्प्रिंगचं. ती मी घरी उघडणार नाही, लायसन्सधारक गनस्मिथकडे देणार आहे. मॉडेल २ ची मूळ स्प्रिंग कुणी बदलून घेतली असेल तर कुठली बसली ते सांगा.